माफीपुरती स्पॅनिश

मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाल्लेली पोरगी स्पॅनिश शिकायला निघाली म्हटल्यावर पवनारात हसायला कोणाला तिकीट काढावं लागलं नाही. भाजीचं डालं घेऊन मी वर्ध्याच्या बसची वाट बघत उभी राहिले की शेजारचे काका हमखास विचारत, "काऊन वं, आज कोणती भाषा घेऊन चालली बाजारात?" मी म्हणायची, "वांग्याची." माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. 'तुझ्याच्यानं होणार नाही' असं कोणी म्हटलं की माझं अर्धं काम तिथंच व्हायचं. पण स्पॅनिश मी काकांची जिरवायला शिकले नाही. मला एका बाईची माफी मागायची होती, आणि तिला माझी भाषा येत नव्हती.

आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीनंतर ती बाई आमच्याकडे राहायला आली. पेरू देशातली, तिथल्या डोंगरातल्या एका खेड्यातली, वय पस्तिशीचं. वर्ध्याच्या एका संस्थेत ती कताई शिकायला आली होती. तिथं राहायची सोय झाली नाही, म्हणून ओळखीतून आमची रस्त्याकडची खोली तिला मिळाली. देशाचं नाव ऐकून आईनं पहिल्या दिवशी तिच्यापुढे पेरूच चिरून ठेवले. तिला इंग्रजी बेताचं, हिंदीचे दहा-बारा शब्द, मराठी शून्य. मी सतरा वर्षांची होते. मी तिला ताई म्हणायची, आई तिला बाई म्हणायची, आणि बाकी सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालायचा.

सुटीच्या दिवशी ती आमच्याबरोबर शेतात यायची. कोणी न सांगता वांग्याच्या ओळीत बसायची आणि निंदायला लागायची. हात शेतकऱ्याचेच होते. तिच्या गावी बटाटे पिकतात, काळे, जांभळे, लाल, हे तिनं आमच्या साड्यांचे रंग दाखवून सांगितलं. आईनं मान हलवली. "बटाटा काया कधी असते का वं? सडला असन." ताईला काही कळलं नाही, पण आई हसली म्हणून तीही हसली.

संध्याकाळी ती ओसरीवर गिटार घेऊन बसायची. बाबा गावच्या खंजिरी भजन मंडळात पुढे गायचे, त्यामुळे आमच्या ओसरीला गाण्याचं वावडं नव्हतंच. ताईचं गाणं सुरू झालं की बाबा खंजिरीवर ताल शोधायचे. तो त्यांना आठ दिवस सापडला नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "या गाण्याचा एक पाय आखूड हाय. लंगडते, पण पडत नाई." मग त्यांनी खंजिरीही तशीच लंगडवली आणि ताईनं गाता गाताच डोळे मोठे केले. आमच्याकडे भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतंच. मंडळींनी तिची पाच-सहा गाणी लक्ष देऊन ऐकली आणि ठरवून टाकलं की ही सगळी रचना कोरासोन नावाच्या एकाच महाराजांची आहे, कारण शेवटी त्यांचं नाव येतं. कोरासोन म्हणजे काळीज, हे मला दीड वर्षानं कळलं. तोवर दोघा-तिघांनी महाराजांना मनोभावे हात जोडून झाले होते.

संक्रांतीला आईचं हळदीकुंकू असायचं. बाईला ओळीत बसवायचं, हे आईनं महिनाभर आधी ठरवलं होतं. मी तर शाळाच घेतली. ताईला साडी नेसवली, पाटावर बसवलं आणि सगळं करून दाखवलं. असं वाकायचं, कपाळ पुढे करायचं, पदर दोन्ही हातांनी पसरायचा. ती मन लावून शिकली. स्वतःशी पुन्हा पुन्हा करून बघायची. आदल्या दिवशी तिनं वहीतून एक फोटो काढून आम्हाला दाखवला. नवरा. तिनं डोळे मिटले, हात छातीवर ठेवले आणि चार बोटं दाखवली. चार वर्षं झाली होती. आई फोटोकडे बघत राहिली. मला वाटलं, बिचारी. त्यापुढे माझं डोकं चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी बायका ओळीनं बसल्या. आई करंडा घेऊन एकेकीपुढे वाकत होती. ताईपुढे आली. ताईनं मी शिकवलं तसंच कपाळ पुढे केलं, पदर पसरला. आईचा हात थांबला. तो थरथरला, हेही मी पाहिलं. मग तिनं पदर धरलेल्या ताईच्या हातात तिळगूळ ठेवला आणि ती पुढच्या बाईकडे सरकली. ताई तशीच वाकलेली होती. तिला वाटलं असेल, अजून काही व्हायचं आहे. ओळीतली एक खोकली, दुसरीनं भिंतीकडे बघितलं. मग ताईनं हळूच पदर आवरला.

बायका गेल्यावर मी आईवर तुटून पडले.

"तिले काऊन सोडलं?"

"बाकीच्या बाया उठून गेल्या असत्या. सण त्यायचाबी हाय."

"मंग बसवलं कायले? त्यापरीस हाकलून द्याचं होतं!"

आई करंड्याचं झाकण लावत राहिली. मला तेवढं पुरलं. गुन्हेगार सापडला होता.

ताई होळीपर्यंत राहणार होती. संक्रांतीनंतर पाचव्या दिवशी तिनं बिछाना गुंडाळला. संस्थेचं काहीतरी कागदपत्र दाखवून ती समजावत होती, पण मी बघितलंच नाही. मला कारण माहीत होतं. ती निघाली तेव्हा मी वांग्यात जाऊन बसले. कोणत्या तोंडानं समोर जाऊ? काय सांगू, आणि कशानं सांगू? बाबा तिची पेटी स्टॉपवर ठेवून पाण्याच्या पाळीला गेले. दुपारी मी घरी आले तर खोली झाडून स्वच्छ केलेली होती. कोनाड्यात माझ्यासाठी दोन कॅसेटी आणि तिच्या हातची गाण्यांची वही होती. या कॅसेटी तिनं संस्थेचा टेप आणून आमच्याच ओसरीवर भरल्या होत्या. मधूनमधून त्यात बाबांची खंजिरी आणि आईनं कोंबड्यांना घातलेली हाकही होती.

त्याच दिवशी मी ठरवलं. ही कधीतरी परत येईल तेव्हा हिला हिच्याच भाषेत सांगायचं, की त्या दिवशी काय झालं आणि का झालं. दुभाष्या नको, हातवारे नकोत.

ठरवणं सोपं होतं. घरात कॅसेट वाजवायचं यंत्र नव्हतं. वर्ध्याला मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देणाऱ्याकडे नवा टेप आला होता. बाजाराच्या दिवशी भाजी संपली की मी त्याच्या दुकानात जायची. वांगी, भेंडी, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, जे उरलं असेल ते त्याच्या बायकोला द्यायची आणि तासभर ऐकायची. लग्नसराईत टेप मंडपात असायचा, तेव्हा माझी शाळा बंद. बाकी दिवस वही होती. पण वहीतली अक्षरं इंग्रजीसारखी दिसत आणि इंग्रजीसारखी मुळीच वागत नसत. मी आठ-दहा ओळींत रडकुंडीला आले.

बाबांनी वही मिटली. "अर्थाच्या मांगं कायले लागली? भजन शिकतानी अर्थ पुसते का कोणी? आधी चाल धर. मी म्हणतो, तू झेल."

भजनात पुढचा एक ओळ म्हणतो आणि मागचे ती उचलतात, त्याला झेलणं म्हणतात. मग मी दुकानातून एक एक कडवं कानात भरून आणायची. घरी मी पुढची व्हायची आणि बाबा झेलकरी. बाबा न समजणारे शब्द अशा भक्तीनं म्हणायचे की मला हसू आवरत नसे. पण सहा महिन्यांत बारा गाणी पाठ झाली. पाणी देताना, खुरपताना, तोंडात तीच. काका म्हणायचे, "पोट्टी झपाटली."

अर्थ नंतर आला, आणि तो दोन बस बदलून आला. वहीवरच्या पत्त्यावर मी ताईला मोडक्या इंग्रजीत चार ओळींचं कार्ड पाठवलं होतं. उत्तरात तिनं स्पॅनिश-इंग्रजी खिशातला कोश पाठवला. आता स्पॅनिश शब्दाचा इंग्रजी अर्थ त्यात बघायचा आणि त्या इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ माझ्या शाळेच्या कोशात. एका ओळीला कधी एक संध्याकाळ लागायची. त्यात एक भलतंच झालं. तिसऱ्या खेपेला मी मॅट्रिकच्या इंग्रजीतून सुटले. ते मला वाटेत लागलेलं गाव होतं, तिथं उतरायचं नव्हतंच.

काही शब्द मात्र कोशात सापडतच नव्हते. 'उर्पी' हा शब्द चार गाण्यांत होता आणि कोशात कुठंच नव्हता. मला वाटलं, कोशच फसवा आहे. ताईनं पत्रात कबुतराचं चित्र काढून पाठवलं आणि लिहिलं, की हा शब्द स्पॅनिश नाही, डोंगरातल्या आमच्या जुन्या भाषेतला आहे; शहरातले लोक त्याला हसतात. ते वाचून मला फार बरं वाटलं. वर्ध्याच्या शाळेत मी 'मले' म्हटलं की पुण्याकडच्या बाई अख्ख्या वर्गासमोर 'मला' म्हणवून घ्यायच्या. म्हणजे तिच्या देशातही एक विदर्भ होता, आणि ती त्यातलीच होती. एका गाण्यात तर गावानं मिळून पाण्याचा पाट साफ केल्याचं वर्णन होतं. फावडी, चिखल, मग जेवण आणि नाच. आमच्याकडे नाच सोडून सगळं तेच.

दुसऱ्या कॅसेटीवरचं तिसरं गाणं सगळ्यांना आवडायचं. चाल उडती होती, बाबांची खंजिरी त्यात सगळ्यात जोरात होती. त्यातला 'बिउदा' हा शब्द मी शोधला तेव्हा मला दोन्ही कोश दोनदा बघावे लागले. विधवा. मग बाकीच्या ओळी आपोआप उलगडल्या. सगळं गाव सणाला नाचतं आहे, आणि काळा घागरा घातलेली एक बाई दाराच्या चौकटीत उभी आहे. तिला कोणी बोलवत नाही, आणि तिचे पाय मात्र आत जमिनीवर ताल धरतात. हे गाणं तिनं आमच्या ओसरीवर संक्रांतीच्या आठवडाभर आधी म्हटलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. कॅसेटीवर त्या ऐकू येतात.

मला आईचा पुन्हा नव्यानं राग आला. मी स्वयंपाकघरात जाऊन ते गाणं आईला मराठीत सांगितलं, शब्दन् शब्द. "समजलं का, तू काय केलं थे?" आई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. या बाईला काही लागतच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

पुढे माझं लग्न हिंगणीला झालं. रुखवतात भांडी, शेवया आणि दोन कॅसेटी होत्या. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला विचारलं, "सूनबाई चुलीपुढं कोणाले शिव्या देऊन राह्यली?" नवरा भला माणूस. त्यानं दुसऱ्या वर्षी टेप घेतला, आणि ट्रान्झिस्टरची सुई फिरवून पहाटे एक स्पॅनिश स्टेशनही शोधून दिलं. खरखर जास्त, भाषा कमी, पण कान तयार झाला. आता अडचण वेगळीच होती. गाण्यांतून शिकलेल्या भाषेत मला 'तुझ्यावाचून माझा आत्मा वाळला' हे सहज म्हणता यायचं, आणि 'जरा सरकून बस' म्हणता यायचं नाही. गाण्यांत वांगी नसतात, बस नसते, आजचा वार कोणता हे कोणी विचारत नाही. तरी माफी होती. माफी तर दर तिसऱ्या गाण्यात होती. माझं काम भागत होतं.

"लिहून काऊन पाठवत नाई?" असं नवऱ्यानं एकदा विचारलं. बाबांचं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं, "माफी टपालानं नाई पाठवत बाप्पा." म्हणून मी वर्षाला एक कार्ड टाकायची आणि त्यात पीकपाणी ठीक आहे एवढंच लिहायची. भाषण मात्र तयार होत होतं. दर संक्रांतीला मी त्यात एखादं वाक्य घालायची, एखादं काढायची. माहेरी गेले की आईला ऐकवायची, "तुह्यापायी हे सारं करून राह्यली मी." आई म्हणायची, "कर." बस्, एवढंच.

आठ वर्षांनी ताईचं पत्र आलं. वर्ध्याला कसलासा मेळावा होता, त्यासाठी ती येणार होती, आणि एक दिवस पवनारला येणार होती. मी कडेवर पोरगी घेऊन हिंगणीहून माहेरी गेले. रात्रीची भाजी चिरताना भाषण म्हणत होते. आई म्हणाली, "मीबी बसू का तिथं?" मी म्हटलं, "बसाच लागन. तुह्यासाठीच तं हाय."

ताई आली. केस पांढरे झाले होते, हात तसेच. तिनं आईला मिठी मारली, आई आक्रसून उभी राहिली. चहा झाला आणि बाबा शेतात पाणी सोडायला गेले. ओसरीवर ती खाटेवर बसली, आई खाली, दाराला टेकून. मी तिच्यासमोर उभी राहिले, शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तशी, आणि सुरुवात केली.

चांगलं पाच मिनिटं बोलले. अडखळले नाही. माझ्या आत्म्यावर आठ वर्षांची रात्र आहे. माझ्या आईच्या हातानं तुझं काळीज जखमी झालं. आमच्या गावचा रिवाज आंधळा आहे. पेर्दोनामे, माझ्या आईला क्षमा कर. ताई आधी स्तब्ध ऐकत होती. मग तिचे ओठ थरथरायला लागले, आणि मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सावकाश, मला कळेल अशा सोप्या शब्दांत म्हणाली, "तू किती छान बोलतेस! आमच्याकडे जत्रेत दारू पिऊन प्रेमात पडलेला माणूस असं बोलतो."

मला राग यायला हवा होता. मीही हसले. मग ती गंभीर झाली. म्हणाली, की त्याच संध्याकाळी संस्थेतल्या मैत्रिणीनं तिला रिवाज समजावून सांगितला होता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नवीन नव्हतं. तिच्या गावातही विधवेला नाचात कोणी घेत नाही. "तुझ्या आईचा हात थरथरत होता," ती म्हणाली. "मी तो पाहिला. तिनं मला सगळ्यात मोठा तिळगूळ दिला." आणि ती गेली ती त्यामुळे नाही. संस्थेनं तिला दुसऱ्या केंद्रावर पाठवलं होतं, ते संक्रांतीच्या आधीच ठरलं होतं. तोच कागद ती आम्हाला दाखवत होती.

मी उभीच होते. आता माझं काम संपलं, असं मला वाटत होतं. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोर के नो बिनिस्ते?"

तू का आली नाहीस?

मला आधी कळलंच नाही, कुठं. ती म्हणाली, "बसच्या जागी. मी तुझी वाट बघत होते. दोन बस सोडल्या. मला वाटलं, विधवा म्हणून तूही आता मला भेटणार नाहीस."

आठ वर्षं, बारा गाणी, दोन कोश. भाषणात मी कुठंच नव्हते. सगळं आईबद्दल होतं. आई निदान तिच्यासमोर आली होती. मी वांग्यात लपून बसले होते. बसचा हॉर्न मला तिथं ऐकू आला होता, दोनदा आणि तिसऱ्यांदाही, आणि मी मान वर केली नव्हती. गाण्यातलं एकही वाक्य इथं चालणार नव्हतं. तरी तोंड उघडलं. व्याकरण गेलं चुलीत. "मी भ्याले," मी म्हटलं. "मी शेतात. मी ऐकली बस. मी नाही आले. मी वाईट केलं. आई नाही, मी." एवढं बोलायला मला त्या पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त वेळ लागला. ताईनं माझा हात धरला आणि धरून ठेवला. "सि," ती म्हणाली. हो. नाही-नाही, असू दे, असं काही म्हणाली नाही, आणि त्याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

खालून आईनं विचारलं, "काय म्हणते थे?"

मला वाटलं, सांगावं की ती म्हणते माफ केलं, आणि विषय मिटवावा. दुभाष्याला कोण पकडणार होतं? पण ताई माझ्याकडे बघत होती, आणि भाषा न समजणाऱ्या माणसाला काय सांगितलं जातं आहे हे तिच्याइतकं कोणाला कळत असेल?

मी खाली बसले. इथं कोश लागणार नव्हता, चाल धरायची नव्हती. ही माझी भाषा होती, आणि स्पॅनिशपेक्षा ती मला जड गेली.

"मा," मी म्हटलं, "थे तुह्यापायी नाई गेली. थे दुखून गेली तं माह्यापायी. मी भेटाले गेली नाई म्हणून. अन् आठ वर्सं मी तुह्यावर आळ घेतला."

आईनं ऐकून घेतलं. पदर बोटाला गुंडाळला. मग पदर तोंडाला लावून ती रडायला लागली, लहान पोरासारखी, आवाज करून, पाहुणीसमोर. आठ वर्षांत त्या गोष्टीवरून मी तिला एकदाही रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला वाटायचं, तिला त्याचं काही वाटलंच नाही.